आडोसा हवा, पण पानांचा!

'आडोसा' हा शब्द बायकांच्या तोंडी जितका येतो, तितका पुरुषांच्या येत नाही. न्हाऊन केस वाळवायचे आहेत, आडोसा हवा. बाळाला पाजायचं आहे, आडोसा हवा. अंगावर जुना गाऊन आहे, हातात गवारीची टोपली आहे आणि दहा मिनिटं वाऱ्याला बसायचं आहे, तरी आडोसा हवाच. पुरुष बनियनवर गॅलरीत उभं राहून दात घासतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. आपण मात्र ओढणी सारखी करत घरात पळतो.

मैत्रिणींनो, आज मी तुमच्याशी झाडांबद्दल बोलणार आहे. पण 'बाल्कनी सजवा' छापाचं नव्हे. कुंडीत उंच वाढणारी झाडं लावून स्वतःपुरता आडोसा कसा करायचा, एवढाच आजचा विषय.

मी राहते मुंबईत, काळाचौकीला. कॉटन ग्रीन स्टेशन आणि लालबागच्या मधला हा गिरणगावचा भाग. वीस-बावीस वर्षांपूर्वी वाईहून लग्न होऊन आले, ती थेट चाळीत. सासरे गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. एक खोली, समोर सामाईक गॅलरी आणि गॅलरीत अख्ख्या मजल्याचा संसार. माहेरी परसदार होतं, इथे परसदार म्हणजे कठड्याला टांगलेला डालड्याचा डबा आणि त्यात तुळस. पण त्या गॅलरीत एक सोय होती. समोरच्या चाळीतली माणसं ओळखीची होती. नजर पडली तरी ती 'काय वहिनी, आज उशीर?' एवढीच असायची.

आता चित्र बदललं. लालबाग-परळ-शिवडीत चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले, राहताहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात! आनंदाचीच गोष्ट. आमच्याकडेही कोणी संक्रमण शिबिरात आहे, कोणी नव्या इमारतीत गेलंय, कोणी अजून जुन्या चाळीत वाट बघतंय. पण नव्या घरात गेलेल्या बायका आमच्या बचत गटाच्या बैठकीत पहिली तक्रार हीच करतात, "अगं, समोरच्या टॉवरच्या पंधरा मजल्यांच्या खिडक्या आमच्या खिडकीत! पडदा उघडायची सोय नाही."

आणि हे फक्त मुंबईचं नाही हं. माझ्या वाईच्या मैत्रिणी सांगतात, वाडे पाडून अपार्टमेंट झाली, दोन इमारतींत दहा फुटांचं अंतर. रो-हाऊस घेतलं तर मागच्या अंगणात शेजारच्या गच्चीवरून सगळं दिसतं. म्हणून हा विषय तुमचाही आहे.

पडदा, ताडपत्री की पान?

बहुतेक जणी काय करतात? जाड पडदा लावतात, नाहीतर हिरवी जाळी किंवा प्लास्टिकचा कागद ठोकतात. नजर अडते, पण वाराही अडतो. उन्हाळ्यात घर तापतं, दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते. पावसाळ्यात प्लास्टिक फडफडून फाटतं आणि खालच्या मजल्यावरची काकू भांडायला येते ती वेगळीच.

आमच्या गटातली एक सून बाळंतपणानंतर नव्या इमारतीतल्या घरी आली. पाचवा मजला. बाळाला सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, तेल लावायचं, तर एकच जागा, छोटी बाल्कनी. समोर बरोबर दुसऱ्या इमारतीचा जिना. जिन्यावर सदानकदा कोणी ना कोणी फोनवर बोलत उभं. ती दोन महिने पडदा ओढून बसली होती. चेहरा उतरला, बोलणं कमी झालं. सासूबाई म्हणायच्या, "हिला काय झालंय कळत नाही." आम्ही गेलो, बघितलं, आणि अरेका पामच्या तीन कुंड्या एका ओळीत लावून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती बाळाला घेऊन बाहेर बसली. तीन झाडांनी सगळं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण घरातली एक जागा तिला परत मिळाली, हे खरं.

पानांचा आडोसा चाळणीसारखा असतो. नजर अडते, वारा येतो, उजेड गाळून येतो, बांधकामाची धूळही थोडी पानांवर बसते.

आधी बसा, मग मोजा

नर्सरीत जाण्याआधी एक काम करा. जिथे तुम्ही रोज बसता तिथे बसा आणि घरातल्या कोणाला तरी टेप घेऊन उभं करा. जमिनीवर बसलात तर तुमचं डोकं साधारण पावणेतीन फुटांवर असतं, खुर्चीवर बसलात तर सव्वाचार फुटांच्या आसपास. म्हणजे बसणाऱ्या बाईला दहा फुटी झाड लागतच नाही! सव्वा फुटाची कुंडी आणि वर साडेतीन फुटांचं दाट झाड, झाला आडोसा. उंची ही अशी झाड, कुंडी आणि गरज पडली तर खालचं स्टँड, या तिघांची मिळून होते.

दुसरं, नजर कुठून येते ते बघा. समोरून, त्याच उंचीवरून येत असेल तर झाड कठड्याजवळ ठेवा. वरच्या मजल्यांवरून येत असेल तर कठड्याजवळच्या झाडाचा उपयोग कमी. मग झाड आपल्या खुर्चीजवळ घ्या. वरून तिरपी येणारी नजर आपल्यापाशी पोचेपर्यंत खाली उतरलेली असते, त्यामुळे जवळचं कमी उंचीचं झाडही ती अडवतं. हे एकदा करून बघा, पैसे वाचतील.

कोणत्या जागी कोणतं झाड?

झाड आपल्या आवडीचं नाही, जागेच्या उजेडाचं असावं.

चार-पाच तास ऊन येत असेल तर आपली ओळखीची झाडंच उत्तम. तगर घ्या, कुंडीत पाच-सहा फूट सहज होते, पानं दाट आणि देवाला पांढरी फुलं जवळजवळ वर्षभर. जास्वंद घ्या, फक्त पिठ्या ढेकूण पडतो, तेव्हा साबणाच्या पाण्याची किंवा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करायची. कुंती, म्हणजे कामिनी, हे तर आडोशासाठीच जन्मलेलं झाड. बारीक चकचकीत पानं, बुंध्यापासून दाट, फुललं की गल्लीला वास. आणि कढीपत्ता! दोन फुटांचा झाला की शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटतात. आडोसाही होतो आणि फोडणीलाही धावून येतो. कढीपत्त्यावर, कुंतीवर हिरव्या अळ्या दिसल्या तर लगेच औषध मारू नका. लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखरांच्या त्या अळ्या असतात. थोडी पानं खातील, मग उडून जातील. मुलांना दाखवा.

ऊन थेट येत नाही पण उजेड आहे, अशा जागी अरेका पाम, ड्रासेना, रबराचं झाड, सॉन्ग ऑफ इंडिया चालतात. अरेका मूळचा मादागास्करचा. एका कुंडीत त्याची बरीच रोपं एकत्र असतात, म्हणून तो खालपासून भरलेला दिसतो. मात्र पश्चिमेचं कडक ऊन आणि कोरडा वारा त्याला सोसत नाही, टोकं तपकिरी होतात. उजेड बेताचा असेल तर रॅफिस पाम घ्या. हळू वाढतो, महाग पडतो, पण टिकतो. आणि थोड्या उन्हात, भरपूर पाण्यात वाढणारा आपला सोनटक्का विसरू नका. पाच फुटांपर्यंत जातो, पावसाळ्यात फुलतो. माझ्या सासूबाई त्याचं फूल अंबाड्यात माळून हळदीकुंकवाला जायच्या.

जागा अगदीच अरुंद असेल, वीतभर, तर झाडाऐवजी वेल. लांबट कुंडीत चार बांबूच्या काठ्या रोवा, सुतळीची जाळी विणा आणि त्यावर जाई, गोकर्ण, मायाळू, नागवेल यातलं काहीही चढवा. मायाळूची भजी होतात, नागवेलीची पानं सणाला. सावलीत मनी प्लांट काठीवर चढवला की पानं मोठी होतात.

गावोगावच्या मैत्रिणींनी आपली हवा बघावी. जालना, सोलापूरकडे मे महिन्यात अरेका करपतो. तिथे बोगनवेल, मेंदी, कढीपत्ता. मेंदी कुंडीतही छान दाट होते आणि कापली की आणखी फुटते. रत्नागिरी, चिपळूणला कुंडीतला बांबू, सोनटक्का, कर्दळ आनंदाने वाढतात.

घरात रांगतं मूल, गाय-वासरू किंवा कुत्रं असेल तर कण्हेर नको, ती विषारी आहे. डायफेनबाकियाची पानं चावली तर तोंड सुजतं, तीही दूर. कोनोकार्पस नावाचं झटपट वाढणारं झाड नर्सरीवाला 'हिरवी भिंत' म्हणून पुढे करेल, तेही घेऊ नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये ते लावायला बंदी घातली. आणि भिंतीच्या भेगेत आपोआप उगवलेलं वड-पिंपळाचं रोप कुंडीत हलवून आडोसा करायचा मोह टाळा. त्याची मुळं इमारतीच्या भेगा शोधत जातात.

नर्सरीत गेलात की सगळ्यात उंच झाडावर बोट ठेवू नका. वर झुपका आणि खाली नुसती काठी असेल तर आडोसा होणार कसा? थोडं बुटकं, पण खालपासून भरलेलं, नवीन पालवी असलेलं झाड निवडा. आणि एकेक वेगळं झाड आणण्यापेक्षा एकाच जातीची तीन झाडं ओळीत ठेवली तर लवकर दाटी होते. अडुळसा, तगर, जाई, क्रोटन यांना पैसेही लागत नाहीत, पावसाळ्याच्या सुरुवातीला मैत्रिणीकडून फांदी आणा. आमच्याकडे दर वर्षाच्या सुरुवातीला भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. आम्ही दहा-बारा जणी डबे घेऊन जातो. कोणतं झाड पूर्ण वाढल्यावर केवढं दिसतं हे बागेत कळतं, कारण १८६२ पासूनची ती बाग आहे.

वजनाचं गणित

आता जरा गंभीर बोलते. उंच झाड म्हणजे मोठी कुंडी आणि मोठी कुंडी म्हणजे वजन. एक लिटर ओल्या मातीचं वजन दीड किलोच्या पुढे जातं. बारा इंची कुंडी पाणी घातल्यावर २५-३० किलोची होते. दोनशे लिटरचा निळा ड्रम काठोकाठ मातीने भरला तर तीनशे किलोच्या वर! जुन्या चाळीची लाकडी गॅलरी, किंवा गज दिसायला लागलेला सज्जा, यावर असा ड्रम म्हणजे जिवाशी खेळ. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ दर वर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. आपली इमारत जुनी असेल तर कुंड्या लहान, संख्येने कमी आणि भिंतीच्या कडेला ठेवाव्यात. एक भाग माती, एक भाग कोकोपीट आणि एक भाग खत घेतलं तर वजन बरंच कमी होतं.

पण वजन कमी झालं की दुसरी अडचण, उंच झाड वाऱ्याने आडवं होतं. म्हणून कुंडी उभट न घेता बुडाला रुंद घ्या आणि खोड सुतळीने आतल्या बाजूने गजाला बांधा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुंड्या, पत्रे, डबे काय काय खाली आलं! कठड्यावर कुंडी ठेवायचीच नाही, हा नियम. पाचव्या मजल्यावरून पडणारी कुंडी खालून जाणाऱ्याचा जीव घेते. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला की कुंड्या आत, कोपऱ्यात.

कुंडीखालची ताटली हा आणखी एक मुद्दा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासायची. आमच्याकडे पालिकेच्या कीटकनाशक विभागाचे लोक घरोघरी येऊन ताटल्या तपासतात. त्यांना बघून दार लावून घेऊ नका, चहा विचारा.

खताचं म्हणाल तर स्वयंपाकघरच पुरतं. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करून फळझाडं-भाज्या फुलवल्या, तो प्रयोग अनेकांनी पाहिला. आपल्याला एवढं नको. भाजीचे देठ, चहाचा चोथा, वाळलेली पानं एका भोकाच्या बादलीत कुजवली तरी तीन-चार कुंड्यांची सोय होते. दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, म्हणजे झाड एकाच बाजूला वाकत नाही. पानं ओल्या फडक्याने पुसा. दोन वर्षांनी वरची चार बोटं माती काढून नवी घाला.

गॅलरी सगळ्यांची

चाळीत आणि शिबिरात गॅलरी ही वाट असते. आमच्या ओळखीच्या एका इमारतीत कमिटीने नोटीस लावली, 'गॅलरीतील सर्व कुंड्या आठ दिवसांत हटवा.' बायका चिडल्या. आम्ही दोघी-तिघी कमिटीच्या काकांना घेऊनच गॅलरीत गेलो. म्हटलं, तुमचं म्हणणं काय ते दाखवा. काका म्हणाले, "ताई, गेल्या महिन्यात आजारी माणसाला खुर्चीवर बसवून खाली नेताना दोन वेळा अडकलो. आग लागली तर काय करायचं?" बरोबरच होतं त्यांचं. मग खुर्ची धरून दोन माणसं जातील एवढी वाट मोजली. वाटेत येणाऱ्या कुंड्या हलल्या, पसरट झाडांच्या जागी काठीवरचे वेल आले, जिन्याच्या तोंडाशी काहीच ठेवायचं नाही असं ठरलं. नोटीस निघाली. भांडून हे झालं नसतं.

नजर अडावी, आवाज नको

शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वीस वर्षं बायकांच्या घरगुती अडचणींत जाते-येते, म्हणून सांगते. चाळीत खासगीपणा नव्हता, पण एका घरात बाईवर हात उचलला गेला की मजला गोळा व्हायचा. शेजारच्या काकूंची नुसती खाकर पुरायची. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, २००६ पासून लागू झाला, पण त्या कायद्यापर्यंत बाई पोचते ती बहुतेक वेळा कोणाचा तरी हात धरूनच. आणि तो हात शेजारणीचा असतो.

नव्या घरांत दारं बंद, काचा बंद, एसी चालू. आडोसा इतका पक्का की आतलं कोणाला कळत नाही. आमच्याकडे आलेली एक बाई तीन वर्षं मार खात होती आणि भिंतीपलीकडच्या घराला पत्ता नव्हता. शेजारीण आम्हाला रडत म्हणाली, "मला ऐकू आलं असतं तर मी गेले नसते का?"

म्हणून मी पानांच्या आडोशाची इतकी बाजू घेते. कुंतीच्या ओळीआड तुम्ही निवांत केस विंचरा, बाळाला पाजा, पाय पसरून पुस्तक वाचा, कोणाला दिसणार नाही. पण हाक मारलीत तर ती पलीकडे जाईल. पलीकडून आलेली हाक तुम्हालाही ऐकू येईल. पानं थोडी बाजूला केली की वाटीभर साखर देता येते आणि 'काय गं, बरी आहेस ना?' असं विचारताही येतं.

तेव्हा मैत्रिणींनो, या पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या बसायच्या जागेवर बसून बघा. कुठून नजर येते, किती ऊन येतं, किती जागा आहे ते मोजा आणि तीन कुंड्यांपासून सुरुवात करा. दोन फांद्या जास्त रुजल्या तर त्या शेजारणीला द्या. तिलाही आडोसा हवाच असतो.